शालूच्या पाठीची शिवण

ईशान, मीरा,

विमानतळावर सामानाची रांग पुढे सरकत होती तेव्हा मीराने माझा हात ओढून विचारलं, "आजी, शालूआजीच्या पाठीत पणजीने सुई टोचली होती का?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग ईशान म्हणाला, "त्या म्हाताऱ्या आत्यापणजी सांगत होत्या. ग्रहणात टोचली म्हणे." तेवढ्यात तुमच्या आईने पासपोर्ट मागितले, तुम्ही आत गेलात आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. फोनवर असलं काही सांगता येत नाही. आवाज तुटतो, मधेच तुम्हाला कुणी जेवायला बोलावतं. म्हणून हे बसून लिहिते आहे. अवघड शब्द आई वाचून दाखवेल. ती आत्यापणजी, म्हणजे माझ्या वडिलांची बहीण कुसुमआत्या, आता नव्वदीला टेकली आहे आणि तिचं मत बदलण्याची आशा मी कधीच सोडली. पण ते वाक्य तुमच्याबरोबर समुद्र ओलांडून तिकडे राहायला गेलं आहे, आणि ते मला चालणार नाही. ज्या बाईवर तो आळ आहे ती माझी आई, आणि ती आता उत्तर द्यायला नाही.

मी शाळेत होते तेव्हा आम्ही संत तुकाराम नगरात राहत होतो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे एवढासा ओटा. सकाळ, दुपार आणि रात्र आम्हाला भोंग्यांनी कळायची. एका कंपनीचा भोंगा जाड, दुसरीचा शिट्टीसारखा, आणि वारा कासारवाडीकडून असला की मधूनच रेल्वेचा आवाज. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणायचो, पाइपांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. लोखंडी पट्टी यंत्राच्या फिरत्या रुळांमधून वाकवत न्यायची, तिच्या दोन कडा एकमेकींना भेटवायच्या आणि सांधा वेल्ड करायचा, हे त्यांचं खातं. त्यांच्या कपड्यांना यंत्र थंड ठेवणाऱ्या कूलंटचा गोडसर तेलकट वास यायचा, तो धुऊनही जायचा नाही. अण्णांची आई, म्हणजे आमची माई, साताऱ्याकडच्या खेड्यातून आमच्याकडे राहायला आली ती कायमचीच. अण्णांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं, त्यामुळे माई मला "मडम" म्हणायची. "मडम, पानी तापलं का बघा." यात कौतुक किती आणि टोमणा किती ते मला कधी ठरवता आलं नाही.

खिडकीपाशी आईचं शिवणाचं मशीन होतं, पायाने चालवायचं, काळं, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिथे शिवले जायचे. माझा सगळा अभ्यास त्या आवाजात झाला. आईचं मन शांत असलं की मशीन एकसारखं चालायचं, काही बिनसलं असलं की थांबून थांबून. मी पुस्तकातून मान वर न करता सांगू शकायचे की आज माई काहीतरी बोलली आहे.

मी चौदा वर्षांची होते तेव्हा आईला पुन्हा दिवस गेले. इतक्या वर्षांनी, म्हणून तिला थोडं लाजल्यासारखं झालं होतं, पण माई खूष होती. आता मुलगाच, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. आईला पाचवा महिना असताना सूर्यग्रहण आलं. एवढं मोठं ग्रहण आपल्याकडे पुन्हा लवकर दिसणार नाही, असं रेडिओवर सांगत होते. माईने आदल्या दिवसापासून नियम बजावायला सुरुवात केली. चिरायचं नाही, कापायचं नाही, घडी घालायची नाही, सुई तर हातात धरायचीच नाही, आणि सुटेपर्यंत आईने एका जागी पडून राहायचं. त्या दुपारी कॉलनीत चिटपाखरू नव्हतं. दारं बंद, खिडक्यांना चादरी, पाण्यात दूर्वा. पण अण्णांची दुसरी शिफ्ट होती. "कंपनीला ग्रहण लागत नाही, माई," असं म्हणत ते गणवेशाचा शर्ट चढवायला लागले आणि वरचं बटण तुटून कॉटखाली गेलं.

खात्यात रुळांपाशी गळा उघडा ठेवून उभं राहायला मनाई होती. दुसरा शर्ट वाळत होता. आई उठली, बटण शोधलं आणि अण्णा अंगात शर्ट घालून उभे असतानाच चार टाके घातले. बाहेर उजेड पितळेसारखा व्हायला लागला होता.

"आगं, गिराण लागलंय! सुई खाली ठिव!" माई आतल्या खोलीतून ओरडली.

"झालंच, माई," आई म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

एवढंच घडलं. मी तिथे उभी होते, म्हणून सांगते. चार टाके, एक बटण.

शालू जन्मली ती पावसाच्या तोंडावर. गोरी, भरपूर जावळ, रडायला खणखणीत. सुइणीने तिला पालथं केलं आणि माईला जवळ बोलावलं. कमरेच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, एक मऊ गोळा होता, लोण्याच्या गोळ्याएवढा. वर साधी कातडी, कुठे जखम नाही, काही नाही. आणि गोळ्याच्या वरच्या कडेला एक बारीक खळी, अगदी सुई टोचून काढावी तशी.

माईने ती खळी पाहिली. मग आईकडे पाहिलं. कुसुमआत्या त्या वेळी बाळंतपणासाठी आली होती, ती म्हणाली, "वहिनी, हे बघ. सुई कुठे गेली ते बघ." त्या दिवसापासून आमच्या घरात एक भीती राहायला आली. आरडाओरडा करणारी भीती नव्हती ती. पाटावर बसून जेवणारी, मोरीत हात धुणारी, घरातल्या माणसासारखी भीती होती.

बाराव्या दिवसापासून मालीशवाली पारूबाई तेल लावायला येऊ लागली. आजूबाजूच्या सगळ्या पोरांची डोकी गोल आणि नाकं सरळ आपण केली, असं ती सांगायची. पाय लांब करून त्यावर शालूला पालथं घातलं, तेल गरम केलं आणि हाताचा तळवा त्या गोळ्यावर ठेवून म्हणाली, "ह्यो काय न्हाई, वायगोळा हाय. रोज दाबला की महिन्यात बसंल." तिने दाबलं आणि शालू अशी किंचाळली की माझ्या हातातलं पाण्याचं तपेलं खाली पडलं. पोरीचे ओठ निळे झाले होते. ओली बाळंतीण आई खाटेवरून उठून आली, तिने पारूबाईच्या पायांवरून पोर उचलली आणि म्हणाली, "पाठीला हात लावायचा नाही. कुणीही." माई म्हणाली, "आता मायाळूपना सुचतोय. तवा सुचायला पायजे हुता." आई पोरीला छातीशी धरून आत गेली. त्यानंतर तिने मशीनवर चादर टाकली ती काढलीच नाही. ब्लाउज घेऊन आलेल्या बायकांना ती सांगायची की पोर लहान आहे, वेळ होत नाही. मी पुस्तक घेऊन खिडकीपाशी बसायचे आणि त्या शांततेत मला एक ओळही वाचता यायची नाही.

गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं की चरबीची गाठ आहे, त्रास देत नाही ना, मग हात लावू नका. आम्हाला ते ऐकायचंच होतं. शालू वेळेवर बसली, उशिरा का होईना चालली. बोलायला तर इतकी चुरूचुरू की माईही विरघळली. पण मी बघत होते आणि आई तर माझ्याहून जास्त. डाव्या पायातली चप्पल गळून पडायची आणि शालूला कळायचं नाही, ती तशीच पुढे जायची. डावी पोटरी उजवीपेक्षा बारीक दिसायला लागली. बरोबरीच्या मुली कोरड्या राहायला लागल्या तरी हिची चड्डी ओली. आई ती मुकाट्याने बदलायची आणि माई ऐकू जाईल अशा बेताने देवाला काहीतरी सांगायची. हे सगळं एकाला एक जोडून कुणी बोलत नव्हतं. बोललं की ते खरं होईल, असं प्रत्येकाला वाटत असावं. आज मी तुम्हाला सांगेन की असं काही दिसलं तर मोठ्याने बोला, लगेच बोला. आम्हाला ते जमलं नाही.

मग तो मे महिना आला. गच्चीवर कुरडया घालायचा दिवस होता. चिकाचा आंबूस वास, पातेल्याखाली स्टोव्ह, साड्या अंथरलेल्या. ऊन असं की मुलं या पायावरून त्या पायावर उड्या मारत सावलीकडे पळत होती. पाण्याच्या टाकीवरचं लोखंडी झाकण त्या दिवशी काढून जमिनीवर ठेवलं होतं. शालू, तेव्हा जेमतेम चार वर्षांची, त्या झाकणावर डावा पाय ठेवून उभी होती आणि कच्ची कुरडई चाटत होती. डाव्या पायात चप्पल नव्हती. ती नेहमीसारखीच कुठेतरी गळली होती.

"बघा माझी शालू," माई शेजारणीला म्हणाली, "कशी उभी ऱ्हायलीय. न्हाईतर तुमची पोरं, माकडागत नाचत्यात. सोशिक हाय पोर."

शेजारीण हसली. शालूही हसली, तिला वाटलं आपलं कौतुक चाललंय. आईच्या हातात सोऱ्या होता. तिने तो तसाच सोडून दिला, चीक साडीवर सांडला, आणि धावत जाऊन तिने शालूला उचललं. तळवा वर केला. टाचेपासून बोटांपर्यंत पांढरा फोड आला होता. मी झाकणाला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं.

"दुखतंय का गं?" आईने विचारलं. तिचा आवाज मी ओळखला नाही.

"काय दुखतंय?" शालू म्हणाली. "आई, अजून कुरडई दे ना."

त्या क्षणाची भीती मी अजून अंगात बाळगून आहे. आता घरात एखादं लहान मूल पडून रडलं की मला आधी हायसं वाटतं. रडतंय, म्हणजे दुखतंय. दुखतंय, म्हणजे आतली वाट शाबूत आहे.

अण्णांनी पहिल्यांदाच शिफ्ट बुडवली. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते, त्यांच्याकडे आम्ही गेलो. मला न्यायचं कारण माझं इंग्रजी. माई "मी बी येनार" म्हणून रिक्षात आधी जाऊन बसली. तपासण्या झाल्या. मणक्यात औषध सोडून एक्स-रे काढला, तेव्हा शालू माझ्या हातावर इतक्या जोरात चावली की वण उठला. मला त्याचाही आनंद झाला. मग डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं. उंच, थकलेला, पण घाई न करणारा माणूस होता. इंग्रजीची गरजच पडली नाही, ते आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलत होते.

त्यांनी अण्णांचा हातरुमाल मागून घेतला आणि टेबलावर पसरला. म्हणाले, "बाळ पोटात तिळाएवढं असतं तेव्हा त्याच्या पाठीवर अशी एक चपटी पट्टी असते. ती मधे खोलगट होते, दोन्ही कडा वर उचलल्या जातात, पन्हळीसारख्या, आणि मग कडा भेटून त्यांची नळी होते. याच नळीचा पुढे मेंदू होतो, आणि पाठीतून जाणारी ही मज्जारज्जूची दोरी."

अण्णा पुढे वाकले. "म्हणजे आमच्या पाइपासारखं."

"तसंच समजा. आता, या कडांना लागूनच दोन्ही बाजूंना कातडी असते. नळी मिटली की ती कातडी सुटी होऊन वरून आपली आपण जुळते. क्रम असा आहे: आधी नळी मिटायची, मग कातडी सुटायची. कधीकधी एखाद्या जागी कातडी घाई करते. नळी अजून उघडी आणि ही आधीच सुटली. मग आजूबाजूच्या पेशी त्या फटीतून आत शिरतात आणि तिथे त्यांची चरबी होते."

"कडेला ग्रीस लागलं की वेल्ड धरत नाही," अण्णा म्हणाले.

"हो, पण ग्रीस आधी नव्हतं. फट राहिली म्हणून ते आलं, आणि ते आलं म्हणून फट मिटेना. वरची कातडी मात्र नीट जुळली, त्यामुळे बाहेरून फक्त मऊ गाठ दिसते, फार तर एखादी खळी. तुमच्या मुलीच्या पाठीची आतली शिवण तेवढ्या जागी उघडी राहिली."

शिवण. हा शब्द आला आणि आईचा चेहरा राखेसारखा झाला. चार वर्षं तिने कुणाला काही विचारलं नव्हतं. आता तिने पदर मुठीत धरला आणि म्हणाली, "डॉक्टर, सुईने होतं का हे?"

डॉक्टरांना कळेना. "कसली सुई?"

अण्णा खाली बघू लागले. सांगितलं माईनेच, एकही गोष्ट न गाळता. ग्रहण, दुसरी शिफ्ट, बटण, चार टाके, ती खळी. सांगताना तिचा आवाज मात्र हळूहळू उतरत गेला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी आईला विचारलं, "ग्रहण होतं तेव्हा कितवा महिना होता?"

"पाचवा."

"ही शिवण पहिल्याच महिन्यात मिटते. चौथ्या आठवड्यात. आपल्याला दिवस गेलेत हे तुम्हाला तोवर कळलंही नसेल. पाचव्या महिन्यात तुम्ही सुई धरलीत तेव्हा जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं होतं."

आई ओठातल्या ओठात मागे मागे मोजत गेली. पौष, मार्गशीर्ष, कार्तिक. "म्हणजे दिवाळीच्या आसपास," ती म्हणाली. "मी करंज्या करत होते तेव्हा."

"मग त्या वक्ताला काय खाल्लंस?" माई पटकन म्हणाली.

अण्णा माईला कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशीही आवाज चढवला नाही. "माई," ते म्हणाले, "बटण माझं तुटलं होतं. शर्ट माझ्या अंगात होता. चार वर्षं मी गप्प बसलो. आता बास."

"कुणी काही खाल्लं, केलं म्हणून हे होत नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. "कातडी घाई का करते ते आम्हालाही माहीत नाही."

मी नंतर या विषयावर मिळेल ते वाचलं. अजूनही पूर्ण उत्तर नाही. पाठीच्या अगदी खालच्या टोकाशी नळी वेगळ्या तऱ्हेने बनते आणि तिथल्या गाठींचं कारणही वेगळं असू शकतं, असं म्हणतात. आता दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. पाठ उघडीच राहणाऱ्या बाळांचं प्रमाण त्याने कमी झालं आहे, पण या चरबीच्या गाठींबद्दल तसं खात्रीने कुणी सांगत नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही असं म्हणणारा माणूस आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा भेटला.

पुढचं ऐकायला मात्र जास्त भीती वाटली. त्या चरबीत मज्जारज्जूचं टोक अडकलं होतं. मूल वाढतं तसा कणा लांब होतो, पण अडकलेली दोरी वर सरकू शकत नाही. ती ताणली जाते. पाय बारीक होणं, भाजलेलं न कळणं, कपडे ओले होणं, सगळं त्या ताणाचं. शस्त्रक्रिया करून दोरी मोकळी करायची. चरबी सगळी काढता येणार नाही, कारण नसा तिच्यातूनच जातात. गेलेलं परत येईलच असं नाही. आणि हात लावताना आहे तेही जाऊ शकतं. "म्हणजे चालते आहे ती बंद होऊ शकते?" अण्णांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "होऊ शकतं. आणि काही केलं नाही तरी होऊ शकतं." अण्णा आईकडे बघत राहिले. आईने शालूचा पट्टी बांधलेला पाय हातात घेतला होता. ती म्हणाली, "सोडवा."

शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही चौघं बाकावर बसलो होतो. कुणी चहा घेतला नाही. माई जपमाळ आणायची विसरली होती, ती आईच्या हिरव्या बांगड्या एकेक करून बोटाने पुढे ढकलत होती आणि आई तिला ढकलू देत होती. मला सारखं एकच दिसत होतं, गच्चीवर हसत उभी असलेली शालू. दरवाजा उघडला की आम्ही उठायचो, दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं की बसायचो. दुपार कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आले. दोरी सुटली होती, पण पाय हलतात की नाही ते शुद्धीवर आल्यावर कळणार होतं.

शालू शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरांनी तिच्या उजव्या तळव्याला गुदगुल्या केल्या. पाय झटक्यात मागे गेला. मग डाव्याला. काही नाही. पुन्हा केल्या. मग डावा अंगठा, एवढासा, वर आला.

"ताई, यांना सांग ना," शालू चिरक्या आवाजात मला म्हणाली, "मला झोपायचंय."

डावा पाय पुढे कधी पूर्ण सुधारला नाही. पण त्याहून बिघडलाही नाही. ओल्या कपड्यांचा त्रास कमी झाला, गेला नाही. त्याची सवय तिने करून घेतली आणि त्याबद्दल विनोदही तीच करते.

घरी आल्यावर काही दिवसांनी मी कॉलेजातून परतले तर मशीनवरच्या चादरीवर माईची जुनी हिरवी चोळी ठेवलेली होती. काखेत उसवलेली. माई दारात तांदूळ निवडत बसली होती. आई मोरीतून आली, तिने चोळी पाहिली. माई सुपातून मान वर न करता म्हणाली, "शिवन उसवलीया. सवड झाली की घाल टाका."

सवड व्हायला बरेच दिवस लागले. चोळी तिथेच पडून होती, कुणी उचलली नाही. मग एका दुपारी मी खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसले असताना आईने चादर काढली, घडी घातली, चाकाला तेल दिलं. मशीन आधी थांबून थांबून चाललं. नंतर एकसारखं.

तर मीरा, पणजीने कुणालाही सुई टोचली नाही. तिने एक बटण लावलं.

ते घर विकलं गेलं, तिथे आता दुसरी इमारत आहे. अण्णांचा शर्ट राहिला नाही, माईची चोळीही नाही. मशीन आहे. ते आकुर्डीला शालूकडे आहे, आणि ती ते एकट्या उजव्या पायाने चालवते.